एक फाइल जाता जाईना

"मी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येते. कॉम्प्युटर चालू आहे, त्याला हात लावू नका," असं बायकोनं दारातून बजावलं आणि तिथेच घात झाला. नुकत्याच निवृत्त झालेल्या गोदामप्रमुखाला असं कधी सांगतात का?

बाई अनुवादक. वर्षभर खपून एका जाडजूड कादंबरीचा अनुवाद केलेला, शेवटचं प्रकरण आज सकाळीच हातावेगळं झालं होतं. संध्याकाळपर्यंत पाठवलं नाही तर पुस्तक यंदाच्या यादीतून बाद, असं प्रकाशकानं स्वच्छ सांगितलं होतं.

कॉम्प्युटर घरघरत होता. 'बॅकअप सुरू आहे' असं पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होतं. दमलाय बिचारा, असं म्हणून गृहस्थांनी तो बंद करून पुन्हा चालू केला.

बघतात तर काय! कादंबरीच्या फोल्डरमध्ये वेड्यावाकड्या नावांच्या फाइलींचा नुसता सुळसुळाट. बॅकअपनं अर्धवट टाकून दिलेल्या, प्रत्येकीच्या शेवटी 'टेम्प'.

"टेंपररी? आमच्या गोदामात टेंपररी माल संध्याकाळच्या आत बाहेर जायचा!"

एकेक कोण निवडत बसणार? त्यांनी सगळ्याच्या सगळ्या निवडल्या आणि उडवल्या. लगोलग कचरापेटीही रिकामी केली, कारण भरलेली कचरापेटी बघून त्यांना घास उतरत नसे. एकच टेम्प फाइल हलेना. 'ही फाइल वापरात आहे.'

"कोण वापरतंय? घरात मी एकटा आहे!" ते पडद्यावर खेकसले. मग त्यांची नजर फोल्डरभर फिरली आणि पायाखालची जमीनच सरकली. कादंबरी कुठंय?

त्यांनी लेकीला फोन लावला.

"अगं, आईची कादंबरी गेली."

"अरे वा! पाठवली?"

"नाही गं. गेली."

"कचरापेटीत बघा ना."

"ती रिकामी केली."

"बाबा!"

"अगदी नीट केली गं..."

"काहीच उरलं नाही?"

"एक टेम्प फाइल आहे. निर्लज्ज मेली, जातच नाही. पुन्हा बंद-चालू करू का?"

"बाबा, दोन्ही हात खिशात घाला! आत्ताच्या आत्ता!"

"आणि फोन?"

"खांद्यानं धरा!"

बायको परतली तेव्हा ते मान वाकडी करून, हात खिशात घालून उभे होते. तिचा एक गाल बधिर होता. सगळं ऐकल्यावर दुसराही बधिर झाल्यासारखी ती मटकन खुर्चीत बसली.

"रागव, पण काहीतरी बोल गं," ते रडवेले झाले.

ती उठली. कपाटातल्या जुन्या स्वेटरच्या घडीतून तिनं एक छोटी काळी डबी काढून कॉम्प्युटरला जोडली. "कालपर्यंतचं यात आहे. आजचं प्रकरण असलंच तर त्या निर्लज्ज फाइलीत. बॅकअप आधी तिथे नक्कल करून ठेवतो, डबी जोडली की यात उतरवतो. हलू नका."

ते श्वासही जपून घेत होते. राहिलेला बॅकअप पुढे सरकत गेला, पूर्ण झाला आणि शेवटचं प्रकरण पडद्यावर अवतरलं. बाईंनी कादंबरी तिथल्या तिथे पाठवून दिली. ती हट्टी फाइल मात्र कुणी हात न लावता नाहीशी झाली.

"आपली आपण गेली की!" गृहस्थ थक्क झाले. मग त्यांना हायसं वाटलं. "बरं झालं बाई, तू हा बॅकअप लावून घेतलास. वीज जाईल म्हणून का?"

"नाही."

"मग चोरांच्या भीतीनं?"

"नाही हो."

"मग कधी लावलास?"

बाईंनी बधिर गाल चोळला. "तुम्ही निवृत्त झालात ना, त्याच संध्याकाळी."