मास्तरांचं चुंबक आणि पुलाचे बोल्ट

नदीच्या तळाशी काय पडलं आहे हे नागरिकांनी पाहू नये, असा कोणताही नियम त्या गावात नव्हता. नियमच नसल्यामुळे परवानगी कोणत्या नियमाखाली द्यायची हे कचेरीला कळेना, आणि शेवटी शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांनी परवानगीवाचूनच नदीत चुंबक टाकायचं ठरवलं. बिघाडाचा उगम तो हाच, असं पुढे सरकारी अहवालात नमूद झालं.

हा नाद त्यांना धंद्यातूनच लागला. दुकानात सांडलेल्या टाचण्या गोळा करायला त्यांच्याकडे एक छोटं चुंबक होतं, आणि ते जमिनीवरून फिरवताना त्यांना फार बरं वाटायचं. उभा जन्म सुईत दोरा ओवण्यात गेला, आता जरा मोठं काहीतरी दोरीला बांधून पाहावं, एवढीच त्यांची हौस. लोक गळ टाकून मासे धरतात, आपण चुंबक टाकून लोखंड धरू. त्यात कुणाचं काय जातं?

हार्डवेअरच्या दुकानदाराने त्यांच्यापुढे पोलादी टिकल्यांसारखी जाडजूड चुंबकं मांडली.

“यावर तीनशे किलो लिहिलंय, पण ते जाड, सपाट, स्वच्छ लोखंडावर,” तो म्हणाला. “गंज आणि चिखल असला की निम्मीसुद्धा ताकद राहत नाही.”

“म्हणजे कागदावरचा आकडा.”

“अगदी. काठावरून फेकणार की वरून सोडणार?”

“काठावरून.”

“मग हे दोन्ही तोंडांनी धरणारं घ्या. कसंही पडलं तरी चालतं. आणि काही झालं तरी त्या लोखंडी पुलावरून सोडू नका, नदीत जायच्या आधी पुलालाच चिकटून बसेल. चिकटलं तर सरळ ओढायचं नाही, बाजूला सरकवायचं. मधे बोट आलं तर ते बोट विसरायचं.”

मास्तरांनी जाड हातमोजे घेतले, घट्ट विणीची दोरी घेतली आणि गाठ मात्र स्वतःच मारली. गाठीच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत.

पुलाखालच्या काठावरून त्यांनी पहिल्यांदा चुंबक फेकलं, तळाशी टेकू दिलं आणि सावकाश ओढून घेतलं. वर आलं ते बोल्टांनी लगडलेलं. पोळ्यावर मधमाश्या बसाव्यात तसे बोल्ट! गंजाचा ठिपका नाही, ग्रीससुद्धा पुसलेलं नाही, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पूल विभागाचा ठसा. पुन्हा फेकलं, पुन्हा तेच. दोन बादल्या भरल्या तेव्हा मास्तरांनी मान वर करून पुलाकडे पाहिलं. गेल्या वर्षी विभागाने तिथे एक पाटी लावली होती: ‘या पुलाचे सर्व बोल्ट बदलण्यात आले आहेत.’ पाटी चांगली चार बोल्टांनी आवळलेली होती. बाकीच्या पुलाला मात्र ओळीने भोकं होती, आणि भोकांच्या कडांना आतून-बाहेरून सुरेख हिरवा रंग दिलेला होता.

त्यांची मुलगी पलीकडच्या दवाखान्यात परिचारिका होती आणि रोज जाता-येता याच पुलावरून चालायची. एकुलती एक मुलगी. ते दोन्ही बादल्या घेऊन तडक पूल विभागाच्या कचेरीत गेले.

साहेबांनी बोल्टांकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं.

“हे बोल्ट पुलात आहेत,” ते म्हणाले.

“साहेब, ते बादलीत आहेत.”

“दाखल्याप्रमाणे ते पुलात आहेत. आता तुमच्या बादलीत दिसतात. याचा अर्थ तुम्ही ते पुलातून काढलेत.”

“अहो, मी पुलावर पायसुद्धा ठेवला नाही! काठावर उभा होतो.”

“काठावरून?” साहेब खुर्चीतून अर्धे उठले. “इतक्या लांबून ओढलेत? ताकद किती तुमच्या चुंबकाची?”

“तीनशे किलो. पण ती कागदावर—”

“कागदावर आहे ना? मग झालं!”

चुंबक तिथल्या तिथे जप्त झालं. त्याची विभागीय चाचणी घ्यावी म्हणून साहेबांनी ते आपल्या लोखंडी टेबलाजवळ नेलं, आणि जवळ नेण्यापलीकडे त्यांना काही करावं लागलं नाही. खाडकन आवाज होऊन ते टेबलाची कड आणि वरचा खण यांच्या बरोबर सांध्यावर बसलं. खण बंद झाला. खणात कचेरीचे सगळे शिक्के होते. शिपायाने ओढलं, कारकुनाने ओढलं, दोघांनी मिळून ओढलं तेव्हा टेबल पुढे आलं.

“सरकवायचं असतं साहेब, बाजूला,” मास्तर पुढे झाले.

“हात लावू नका! जप्त मालाला आरोपी हात लावू शकत नाही.”

शिक्क्यांवाचून कचेरीचं काम ठप्प झालं. हे जनतेच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

जनतेच्या लक्षात आलं ते दुसरंच. साहेबांनी पूल ‘चुंबकबाधित’ म्हणून जाहीर केला आणि दोन्ही टोकांना दोरी बांधली. आता पलीकडे जायचं म्हणजे वरच्या धरणापर्यंत चालत जाऊन तेवढंच परत यायचं. पहिल्या दिवशी लोकांनी मास्तरांची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी त्यांना नमस्कार करायचं बंद केलं. आठवडा संपायच्या आत औषधाच्या दुकानाचे मालक चारचौघांना घेऊन त्यांच्या दुकानात हजर झाले.

“मास्तर, राग मानू नका,” ते कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसत म्हणाले, “पण वर्षभर पूल मस्त उभा होता. बोल्ट नाहीत हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तुम्ही उगाच त्याच्या लक्षात आणून दिलंत.”

“आता लक्षात आलंय तर बसवू या की! बोल्ट आहेत, भोकं आहेत. पाना मी आणतो. विभागाने फक्त हो म्हणावं.”

तीच सूचना घेऊन सगळे साहेबांकडे गेले. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

“दुरुस्त झालेल्या पुलाची दुरुस्ती? म्हणजे आधी झाली नव्हती असं सुचवायचंय तुम्हाला?” थोडं सावरून ते लोकांकडे वळले. “करू हवं तर. चौकशी नेमू, चौकशी संपली की बसवू. तोवर पूल बंद. नाहीतर दुसरा मार्ग आहे. मास्तरांनी बोल्ट होते तिथे परत टाकावेत. बाधा संपली, पूल उद्या चालू.”

“होते तिथे म्हणजे पुलात ना?” मास्तरांनी विचारलं.

“म्हणजे तुम्ही जिथून काढलेत तिथे.”

“मग ते नदीत होते हे तुम्हाला मान्य आहे!”

“मला काहीच मान्य नाही. मी फक्त पूर्वस्थिती म्हणतोय.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी हात जोडून एकेकाला विनवलं, थोडे दिवस कळ काढा, त्या पुलावरून तुमचीच पोरंबाळं जातात. जो तो घड्याळाकडे पाहायला लागला. रात्रपाळी करून, धरणाचा वळसा घालून तिथे पोहोचलेली मुलगी एका कोपऱ्यात चपला काढून उभी होती. तिच्या टाचांना फोड आले होते.

“बाबा, टाका ते,” ती म्हणाली.

“अगं, तुझ्यासाठीच तर—”

“माझ्यासाठीच टाका. पडायचा तेव्हा पडेल पूल. माझे पाय आत्ता दुखतायत.”

मास्तरांनी बोल्ट परत टाकायचं कबूल केलं. इतकं वाईट त्यांना जप्तीच्या वेळीही वाटलं नव्हतं. साहेबांनी आरोप मागे घेतल्यावर मास्तरांनी त्यांच्या टेबलावरचं चुंबक दोन बोटं बाजूला सरकवलं आणि अलगद काढलं. शिक्के मोकळे झाले. पूल सुस्थितीत असल्याच्या दाखल्यावर पहिला शिक्का बसला.

बोल्ट परत टाकण्याचा समारंभ दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. साहेबांनी जनतेच्या संयमाचं कौतुक केलं. मास्तरांनी एक बादली ओतली, मग दुसरी. पाण्यात बराच वेळ डुबुक डुबुक होत राहिलं. शेवटचा बोल्ट त्यांनी मुठीत धरून ठेवला होता, तोही साहेबांनी मागून घेतला आणि स्वतः टाकला. मग अधिकृत दोरी कापायला ते कात्री शोधू लागले.

पण कात्री मिळेपर्यंत थांबतो कोण! गर्दी दोरीखालून वाकून पुलावर घुसली. पूल कुरकुरला, जरासा डोललाही. कुणीतरी म्हणालं, लवचिक आहे, चांगलंच आहे. मुलगी मधोमध पोहोचली होती. मास्तर काठावर दात आवळून उभे होते, आणि तिचा पाय पलीकडच्या मातीला लागेपर्यंत त्यांनी पापणी लवू दिली नाही.

तुम्ही आता हसताय, आणि अशा लोकांना काय म्हणावं, असंही मनात म्हणत असाल. दोरीखालून सगळ्यांत आधी वाकून गेलेल्या माणसाचा चेहरा मास्तरांना दिसला नाही हे खरं, त्यांना दिसली ती फक्त पाठ. पण विजार त्यांनीच शिवलेली होती, आणि माप अजून त्यांच्याकडे आहे. ते तुमचंच आहे.