पुंजारामचा खुराक

कुरूमच्या पुंजारामनं सलग तिसऱ्यांदा केलेली आंबील बिघडली, तेव्हा त्यानं ती म्हशीपुढं ठेवली. म्हशीनं हुंगली आणि तोंड फिरवलं. पुंजाराम मग तसाच उपाशी, घुंगरांची काठी घेऊन अमरावतीच्या वाटेला लागला.

अकोल्याहून येणारी पत्रांची थैली कुरूमला घ्यायची आणि अमरावतीच्या पेठेत शालिकराम शेठच्या दुकानी पोचवायची, हे त्याचं काम. दूर कुठं तरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती आणि त्यामुळं वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. मुंबईचा भाव आधी ज्याच्या कानी पडेल तो राजा. म्हणून पुंजाराम पळायचा. लढाईच्या आधीपासून, वीस वर्षं पळत होता. पहाटे त्याची बायको मनकर्णा त्याच्या हातात आंबिलीचं गाडगं द्यायची, ज्वारीच्या पिठाची, आंबट, वर मीठ-हिंग. तेवढ्यावर तो पेठेत पोचायचा.

मागच्या वैशाखात मनकर्णा तापानं गेली. तेव्हापासून पुंजारामला घरात बसवत नसे. रस्त्यावर तरी काठीची घुंगरं बोलत. पण पाय जड झाले होते, थैली उशिरा पोचू लागली होती. शेठनं निरोप धाडला की या पौर्णिमेला पुंजाराम आणि गाडीवान भगवंत दोघांनी कुरूमहून पळावं, जो आधी येईल त्याचं काम. भगवंत तिशीचा होता. पुंजाराम अठ्ठेचाळीसचा. काम गेलं तर त्याला दिवसभर त्या घरात बसावं लागणार होतं, आणि त्याला एवढीच भीती होती.

गावाला कळलं तसा गाव सल्ला द्यायला आला. त्या वर्षी कापसाच्या कृपेनं ज्याच्या त्याच्या घरी तूप होतं, आणि तूप असलं की माणसाला दुसऱ्याच्या तब्येतीची काळजी वाटू लागते. देवीदास पहिलवानानं पुंजारामचं मनगट चाचपलं आणि मान हलवली.

"बैलाले सरकी चारतोस ना तू?"

"चारतो."

"मंग सोताले काहून नाही?"

पुंजारामला हे पटलं. दुसऱ्या दिवसापासून तो भिजवून वाटलेल्या सरकीचं दूध पिऊ लागला. त्यावर बदाम, त्यावर तूप. पंधरा दिवसांत त्याच्या अंगावर तेज आलं आणि धोतराचा काष्टा कमी पडू लागला. देवीदास खूश होता. पुंजाराम पळून पाहायचा तेव्हा पोट आधी पोचायचं आणि तो मागून.

शेवटचा खुराक आणला त्याच्या बहिणीनं, सुभद्रेनं. तिची सून नुकती बाळंत झाली होती. सुभद्रेनं सरळ हिशेब मांडला होता की ज्या लाडवांनी बाळंतीण सव्वा महिन्यात उठून कामाला लागते, त्यांनी धडधाकट माणूस वाऱ्यासारखा पळेल. डिंक, मेथी, अळीव, खोबरं, वर जायफळ.

"भाऊ, पाच खाय अन् निंघ. बाकीचे रस्त्यात."

"सुनंले काय उरन?"

"तिले काय अमरावतीले पळा लागते?"

पौर्णिमेच्या पहाटे पुंजारामनं पाच खाल्ले. सात उपरण्यात बांधून पाठीला लावले. शेठच्या माणसानं दोघांना एकेक थैली दिली आणि दोघं निघाले.

पहिल्या कोसात लाडू नुसते होते. दुसऱ्या कोसात ते जागे झाले. तिसऱ्यात पुंजारामला वाटलं, आपण गरोदर असावं. पाठीवरचे सात दर पावलाला धपाधप आपटत होते, जणू आत जायला दार वाजवत होते. भगवंत घरून नुसतं पाणी पिऊन निघालेला. त्यानं वास घेतला आणि विचारलं, पाठीवर काय आहे जी. पुंजारामनं गाठोडंच सोडून त्याला दिलं. त्यात कसलाच डाव नव्हता. त्याला फक्त ओझं नको होतं. भगवंतला मात्र वाटलं, म्हाताऱ्यानं आपलं गुपित देऊन टाकलं. तो खात खात पुढं पळाला आणि वळणाआड गेला.

पुंजाराम रस्त्याकडंच्या निंबाखाली टेकला. थोडा वेळ, असं तो स्वतःला म्हणाला. समोर वेचणीला आलेलं शेत होतं, पांढरं, नजर जाईल तिथवर. ऊन कोवळं होतं. ढग खाली उतरून काळ्या मातीवर झोपले असावेत तसं दिसत होतं. त्याचे डोळे मिटले.

त्या पांढऱ्यात मनकर्णा बसली होती. पुढ्यात गाडगं. ती त्याच्याकडं न बघता पीठ कालवत होती. त्याला कसलंच नवल वाटलं नाही. घरी का येत नाहीस, एवढंच त्यानं विचारलं.

"येऊ कशी? गाडगं घासून ठेवलं तुमी."

तेराव्यानंतर त्यानं घरातलं एकेक भांडं राखेनं लखलखीत घासलं होतं. तिच्या मागं घर कसं टाकलं, असं कोणी म्हणू नये म्हणून.

"खराब दिसत होतं," तो म्हणाला.

"अवो, ते खराब नव्हतं. तळाशी कालचं थोडं ठेवा लागते. त्याच्यातच नवं टाकायचं. नाही तं आंबते काय?" मग तिनं मान वर करून त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "बाळंतिणीचं खाऊन पळता तुमी? महिना कितवा?"

तो हसला, आणि कोणी तरी त्याला काठीनं ढोसलं.

भोवती वेचणाऱ्या बाया उभ्या होत्या. शेताची मालकीण गंगूबाई पुढं होती. हा मेला असेल तर माझ्या धुऱ्याच्या बांधावर मेला की शेजाऱ्याच्या, यावर बराच वेळ बोलणं झालेलं दिसत होतं.

"जिता हाय," एक बाई निराश होऊन म्हणाली.

पुंजाराम उठून बसला. ऊन वर आलं होतं. त्यानं फक्त एक विचारलं, कोणाकडं आंबील आहे का. गंगूबाईनं निंबाच्या फांदीला टांगलेलं गाडगं उतरवून त्याच्या पुढं केलं. पहिल्या घोटाला त्याच्या कानशिलात कळ उठली. बरोबर तितकीच आंबट. पोटातले पाच लाडू आपसात सरकले आणि त्यांनी वाट करून दिली.

तो पळाला. अंग हलकं झालं होतं म्हणून, की कोणाला तरी भेटून आला होता म्हणून, ते त्यालाही कळलं नसतं. बडनेरा मागं टाकल्यावर त्याला भगवंत दिसला. बाभळीखाली आडवा, मिशीत खोबरं, थैली उशाशी. पुंजाराम दहा पावलं पुढं गेला. मग परत आला आणि त्याला हलवलं.

"ऊठ भगवंता. पेठ येथंच आहे."

भगवंतनं एक डोळा उघडला. "किती होते जी ते?"

"सात."

"मले वाटलं सत्तर." त्यानं डोळा मिटला. "जा तुमी. मी येथंच राहतो."

पुंजाराम पेठेत पोचला तेव्हा शेठचं जेवण होऊन सुपारी चालू होती. भगवंत दिवेलागणीला एका कापसाच्या गाडीत झोपून आला. शेठनं दोघांना समोर बसवून विचारलं की या वयात हा पुढं कसा गेला. पुंजाराम आंबिलीचं सांगू लागला, पण तोवर भगवंतनं श्रद्धेनं सांगून टाकलं होतं, "त्यायनं लाडू खाल्ले जी. अंगात लय ताकत पायजे त्याले. मले झेपले नाही."

शेठला पटलं. पुंजारामचं काम कायम झालं, आणि शेठनं सुभद्रेकडं मणभर डिंक धाडायचा हुकूम दिला. यापुढं रोज पाच लाडू, देखरेखीला देवीदास पहिलवान. पुंजारामनं हात जोडले. म्हशीला तरी आवडतील, असा विचार त्यानं केला.

दुसऱ्या दिवशी परतताना तो गंगूबाईच्या शेतात थांबला आणि तळाची ओंजळभर आंबील मागितली. कशाला, हे तिनं विचारलं नाही. एका लहान गाडग्यात ओतून दिली. पुंजारामनं ते दोन्ही हातांत धरलं, काठी काखेत मारली आणि कुरूमच्या वाटेला लागला. थेंब सांडू नये म्हणून तो पाऊल जपून टाकत होता. घुंगरं वाजत नव्हती. वीस वर्षांत त्या रस्त्यानं तो इतका हळू कधी चालला नव्हता, आणि घरी पोचायची इतकी घाई त्याला कधी झाली नव्हती.