पहिला लाल, दुसरा निळा

माझ्याइतका निःपक्षपाती माणूस अख्ख्या ट्रेवेनिक गावात तुम्हाला सापडायचा नाही! ही बढाई नाही. म्हणजे बढाईच आहे, पण खरी आहे. आमच्या किनाऱ्यावर स्कोन नावाच्या गोड पावावर आधी जॅम लावायचा की आधी साय, यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात जात नाहीत. मी स्कोनचे दोन भाग करतो, एकावर आधी जॅम लावतो, दुसऱ्यावर आधी साय, आणि दोन्ही एकदम तोंडात कोंबतो. राष्ट्रीय प्रसारण मंडळाच्या रेडिओवर बावीस वर्षं काढली की माणूस असाच होतो. टायसुद्धा मी मातकट रंगाचा घालतो. लाल, निळा, पिवळा, हिरवा हे रंग चार पक्षांनी आधीच वाटून घेतलेत. आमच्या वाट्याला चिखल!

"अरे पण रेडिओवर टाय दिसतो कुणाला?" आमच्या संपादक मॉर्वेनाबाई विचारतात.

"प्रश्न तत्त्वाचा आहे, बाई!"

"तत्त्वाचं राहू दे. गेल्या वेळच्या चर्चेत एका उमेदवाराला सात सेकंद जास्त दिलेस, ते आठवतंय ना?"

"तो शिंकत होता हो! त्याच्या नाकाला मी काय करू?"

"काहीही कर. या वेळी एक जरी तक्रार खरी ठरली, तरी सकाळचा कार्यक्रम तुझ्या हातून जाईल. लंडनहून तसं पत्रच आलंय."

सकाळचा कार्यक्रम म्हणजे माझा जीव की प्राण. पण मला काडीची भीती वाटली नाही. दुसऱ्या दिवशी मतदान होतं, आणि मतदानाच्या दिवशी आमच्या रेडिओवर राजकारण बंद असतं. सकाळी सात ते रात्री दहा, प्रचार नाही, चर्चा नाही. लोक कुणाला मत देतायत याची वाच्यता मतदान संपायच्या आत केलीत तर सरळ गुन्हा! मग पंधरा तास बोलायचं काय? तर हवामान आणि कुत्री. आमच्याकडे लोक मत द्यायला कुत्रं घेऊन जातात, त्याला मतदान केंद्राच्या दाराशी बांधतात, आणि देशभरचे आम्ही नामांकित पत्रकार त्या कुत्र्यांचा वृत्तान्त देतो.

"कुत्र्यांत कसलं आलंय राजकारण!" असं म्हणून मी मॉर्वेनाबाईंना धीर दिला आणि घरी जाऊन गाढ झोपलो.

सकाळी पावणेआठला मी चॅपलच्या हॉलसमोर, म्हणजे आमच्या मतदान केंद्रासमोर, माइक घेऊन उभा. समोरून ट्रेम्बाथकाकू आल्या, आणि त्यांच्या पुढे त्यांचा लॅब्रॅडॉर, पुडिंग.

"पेट्रॉक, घे रे आमच्या पुडिंगला रेडिओवर! गावच्या जत्रेत पहिला आलाय तो!"

शनिवारी गावजत्रेत कुत्र्यांची स्पर्धा झाली होती. पुडिंगच्या गळपट्ट्याला बशीएवढा रिबिनीचा बिल्ला लटकत होता. रेडिओवर दिसत नाही म्हणून मी वर्णनात कधी कसूर करत नाही. "श्रोतेहो!" मी सुरू केलं. "मतदान केंद्रासमोर आत्ता काय रुबाब आहे! छातीवर लाल बिल्ला! पहिला नंबर! काय ते तेज, काय ती चाल! येणारे जाणारे थांबून कौतुक करतायत!" मग पुडिंग भुंकला आणि माझं निवेदन संपलं.

चौथ्या मिनिटाला मॉर्वेनाबाईंचा फोन आला.

"पेट्रॉक, तू मतदान केंद्राच्या दारात लाल पक्षाचा जयजयकार केलास?"

"मी? अहो, मी पुडिंगचा केला!"

"निळ्या पक्षाच्या कचेरीतून फोन होता. ते म्हणतात, कुत्रं बिल्ला निवडत नाही, निवेदक कुत्रं निवडतो."

आता आमच्याकडे कुत्र्यांच्या स्पर्धेत पहिल्याला लाल बिल्ला देतात, दुसऱ्याला निळा, तिसऱ्याला पिवळा, चौथ्याला हिरवा. ही पद्धत माझ्या आजोबांच्या जन्माआधीची! पण हे निळ्या कचेरीला कोण समजावणार?

"तासाभरात निळं कुत्रं आण," बाई म्हणाल्या. "पुडिंगला किती वेळ दिलास?"

"अठ्ठेचाळीस सेकंद. त्यात भुंकणं नऊ."

"मग याला तेवढंच. भुंकण्यासकट!"

दुसरा आलेला बुलडॉग होता औषधवाल्या मिस्टर ओल्ड्सचा. नाव ब्रिगेडियर. मी दुकान उघडायच्या आत त्यांच्या दारात. कुत्रं देखणं होतं, बिल्ला निळा होता, एकोणचाळीस सेकंदांचं वर्णन झकास झालं. मग मी माइक खाली धरला. ब्रिगेडियरने माझ्याकडे बघून डोळे मिटले.

"भुंकत नाही का हो हा?" मी कुजबुजलो.

"आमच्या घरात विनाकारण कुणी आवाज चढवत नाही," मिस्टर ओल्ड्स म्हणाले.

घड्याळ चाललेलं, नऊ सेकंद रिकामे, देशाचा समतोल माझ्या हातात! काय करणार? मीच भुंकलो. नऊ सेकंद, भर रस्त्यात, मातकट टाय घालून. समोरच्या बसमधले सगळे उतारू खिडकीला चिकटले.

पाच मिनिटांनी फोन. "निळे पुन्हा चिडलेत," बाई म्हणाल्या. "म्हणतात, लाल कुत्रं खणखणीत भुंकलं, आमचं दम लागल्यासारखं का वाजवलंत? आणि पेट्रॉक, पिवळ्यांचाही फोन आलाय. हिरव्यांचाही!"

मग सुरू झाली माझी वणवण. तिसरी आलेली स्पॅनियल खाडीपलीकडे राहत होती. तिला माझ्या गाडीत घालून आणली, तर ती येताना माझी डबाभर पेस्टी, म्हणजे मटण भरलेल्या करंज्या, खाऊन मोकळी. चौथा होता तीन पायांचा एक म्हातारा, एका मास्तरीणबाईंनी अनाथ कुत्र्यांच्या घरातून आणलेला. मी त्याच्या तीन पायांचं मोठ्या मायेने वर्णन केलं. लगेच हिरव्यांची तक्रार: "आमचा पक्ष लंगडा आहे असं सुचवता काय?"

मी पुन्हा त्याच्या शेपटीचं कौतुक केलं, तर बाकीच्या तिघांच्या शेपट्या राहिल्या. त्या केल्या. असं करत करत दुपारी एकच्या बातम्यांआधी चौघांचा हिशोब जुळला. प्रत्येकाला अठ्ठेचाळीस सेकंद, नऊ सेकंद भुंकणं, एक शेपूट! मला इतकं मोकळं मोकळं वाटलं की काय सांगू. त्या भरात माझ्या हातून समारोप झाला. अगदी ठणठणीत आवाजात मी म्हणालो, "तर मंडळी, ट्रेवेनिकचा निकाल लक्षात ठेवा! पहिला लाल, दुसरा निळा, तिसरा पिवळा आणि चौथा हिरवा!"

आणि एक वाजला. एकच्या बातम्यांसाठी ज्यांनी ज्यांनी रेडिओ नुकताच लावला होता, त्या सगळ्यांना माझं तेवढं शेवटचंच वाक्य ऐकू आलं!

या वेळी फोन मॉर्वेनाबाईंचा नव्हता. लंडनहून कायदा विभागाचे हॅव्हरगलसाहेब बोलत होते. आवाज फार मऊ होता, आणि तीच वाईट खूण.

"मिस्टर नान्कारो, मतदान चालू असताना तुम्ही मतदारसंघाचा निकाल जाहीर केलात?"

"साहेब, ती कुत्री होती!"

"असं तुम्ही म्हणता. एका वर्तमानपत्राने आत्ताच छापायला घेतलंय की मंडळाला आतून आकडे मिळालेत. फौजदारी गुन्हा आहे हा."

"पण अहो, शनिवारची जत्रा, पुडिंग, बिल्ले..."

"नीट ऐका. उद्या निकाल वेगळ्या क्रमाने लागला, तर ती कुत्रीच होती हे शेंबडं पोरही मान्य करेल. तुमचा कार्यक्रम राहील आणि मी फाइल बंद करेन. पण निकाल अगदी याच क्रमाने लागला..." ते थांबले. "तर कुत्र्यांची गोष्ट तुम्ही न्यायाधीशांना सांगा."

फोन ठेवला आणि मी चॅपलच्या पायरीवर बसलो. कारण गावात पाववाला काय नि पाद्री काय, जो तो हेच म्हणत होता की या वेळी लाल पहिला, निळा दुसरा, पिवळा तिसरा. हिरवा चौथा येणार हे तर हिरवेच म्हणत होते!

आमची मतमोजणी शुक्रवारी होते. समोरच्या बेटावरची पेटी सकाळच्या बोटीने येते, त्याशिवाय मोजायचं नाही. त्या सकाळी धुकं पडलं आणि बोट दोन तास उशिरा आली. शाळेच्या व्यायामशाळेत मी माइक घेऊन उभा होतो, शेजारी मॉर्वेनाबाई. बावीस वर्षं मी निकाल ऐकताना हवामान सांगावं तसा चेहरा ठेवला होता. त्या दिवशी मात्र मला एक निकाल हवा होता. मनापासून हवा होता! कुठला का होईना, तो क्रम तेवढा मोडू दे, इतकंच मी देवाकडे मागत होतो. चुकून गुडघ्यावरही बसलो होतो.

"ऊठ," बाई दातओठ खात म्हणाल्या. "लोक बघतायत. आपण थेट प्रसारणात आहोत."

निवडणूक अधिकारी व्यासपीठावर आले. आडनावांच्या क्रमाने ते वाचू लागले. अँगोव्ह, हिरवा पक्ष: सहा हजार तीनशे दहा. एवढ्या मतांत चौथाच. संपलं, मी मनात म्हटलं, एक बिल्ला जुळला. बोलिथो, निळा पक्ष: चौदा हजार नऊशे दोन. नीबोन, पिवळा पक्ष: पंधरा हजार एकशे अठरा.

पिवळा निळ्याच्या पुढे! क्रम मोडला! पण छे, मला धीरच होईना, नीट वजाबाकी जमेना. पेनहेल, लाल पक्ष: चौदा हजार आठशे...

"पिवळा!" मी ओरडलो. "पिवळा आला! आला रे आला पिवळा! देवा, तुझे उपकार!" एवढ्यावर भागलं नाही. मी उडी मारली, व्यासपीठावर चढलो आणि नीबोन नावाच्या त्या अनोळखी गृहस्थाला मिठी मारून त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. आणि माइक? माइक माझ्या हातातच होता, चालू!

सगळा देश ऐकत होता. हॅव्हरगलसाहेबसुद्धा.

संध्याकाळी मॉर्वेनाबाईंनी मला बोलावलं. "तू तुरुंगातून वाचलास," त्या म्हणाल्या. "साहेबांनी फाइल बंद केली. ती कुत्रीच होती हे सिद्ध झालं."

"मग कार्यक्रम?"

"लाल, निळे, हिरवे, तिघांच्याही तक्रारी आल्यात. त्याचं मी बघून घेतलं असतं." त्यांनी एक पाकीट पुढे सरकवलं. "पण पिवळ्यांचं आभाराचं पत्र आलंय रे! त्याला मी काय करू?"

मंडळात आभाराच्या पत्रासारखा पक्षपाताचा भक्कम पुरावा दुसरा नाही.

आता मी पहाटे कोळ्यांसाठी भरती-ओहोटीच्या वेळा सांगतो. खोटं कशाला बोलू, फार सुखात आहे! भरतीला वीस सेकंद, ओहोटीला वीस सेकंद, कुणाचा फोन नाही, कुणाचं कुत्रं नाही. गेल्या मंगळवारी तेवढं एका म्हाताऱ्या कोळ्याचं पत्र आलं. लिहितो: "महाशय, वेळा बरोबर असतात. पण ओहोटीचं सांगताना तुमचा आवाज जरा पडतो."