फणसेकाकांचा ग्राउंड क्लिअरन्स

आमच्या सोसायटीत कुणाकडे नवी गाडी आली, की लोक तिचा रंग बघत, सीटवर बसून बघत, हॉर्न वाजवून बघत. फणसेकाका मात्र पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून घेत आणि सरळ ओणवे होऊन गाडीच्या पोटाखाली बघत. मालकाने दिलेला पेढा हातात तसाच. मालक बिचारा "काका, वरून तर बघा" म्हणत उभा असायचा, आणि गाडीखालून प्रश्न यायचा, "ग्राउंड क्लिअरन्स किती?"

हे गाड्यांपुरतंच असतं तरी चाललं असतं. समोरच्या पटेलांच्या मुलाची वरात निघाली, तेव्हा काका घोडीच्या पोटाखाली वाकलेले सापडले. घोडी बिथरली, नवरदेव पांढराफटक पडला, बँडवाल्यांनी घाबरून वाजवणं थांबवलं. काका शांतपणे उठले आणि म्हणाले, "बराबर आहे. पण उतरताना पोराला स्टूल द्या."

"अरे भाई, वरून काय, कोणीही छान दिसतं. खालून बघ!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते वांगी घेतानाही म्हणत आणि नव्या आर्थिक धोरणावर बोलतानाही म्हणत. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून जन्म गेलेला. निवृत्त झाले तरी खिशातला मोजपट्टीचा टेप निवृत्त झाला नव्हता. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून कुणाचे आजोबा दिवाण असतात, कुणाचे न्यायाधीश. काकांचे आजोबा संस्थानच्या हत्तीखान्यात कारकून होते आणि काकांना त्याचा कोण अभिमान! "हत्ती केवढा उंच! पण राणीसाहेब शिडी चढायच्या नाहीत. हौद्याच्या उंचीचा चौथरा बांधलेला असायचा. चौथऱ्यावरून पाऊल टाकलं की हौद्यात. माणसाला वाकायला लावायचं नाही, ही संस्थानची रीत!" हे आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं, की हत्तीसुद्धा आमच्या ओळखीचा झाला होता.

मी त्यांच्या शेजारच्या बंगल्यात राहायचो आणि कोयलीच्या रिफायनरीत नोकरीला जायचो. वासणा रोडवरच्या आमच्या भागात पावसाळ्यात पाणी साचायचं, म्हणून काकांनी आपलं घर चांगलं उंच जोत्यावर बांधलेलं. पुढे रुंद ओटा आणि खाली उतरायला पायऱ्या. त्या ओट्यावर वेताच्या खुर्चीत मालतीकाकू बसलेल्या असायच्या. जाणाऱ्या-येणाऱ्याची चौकशी करायच्या, भाजीवालीशी गुजरातीत घासाघीस करायच्या, सगळं खुर्चीतूनच. त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. सपाटीवर काठी टेकत चालायच्या, पण भार देऊन गुडघा वाकवायचा म्हटलं की संपलं. पायऱ्या उतरणं बंद, वाकून मोटारीत शिरणं बंद.

काकूंची थोरली बहीण, अक्का, जवळच्या पादरा गावी राहायची. दर दसऱ्याला काकू तिच्याकडे सोनं द्यायला जात. गुडघे गेल्यापासून ते थांबलं आणि फोनवर भागवणं सुरू झालं. रविवार सकाळ म्हणजे दोघींचा फोन, तोही असा की अर्ध्या सोसायटीला पादऱ्याच्या बातम्या कळाव्यात. मग अक्कांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण जीभ जड झाली. फोनवर नुसता आवाज यायचा, शब्द लागायचे नाहीत. काकू रिसीव्हर कानाला लावून "हो अक्का, हो" म्हणत राहायच्या आणि फोन ठेवल्यावर दिवसभर कुणाशी बोलायच्या नाहीत. त्यांना एकदा जाऊन अक्कांना डोळ्यांनी बघायचं होतं.

आम्ही म्हटलं, खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवतो. काकू एकदम ताठ झाल्या. एका लग्नात चार जणांनी त्यांना तसं उचललं होतं आणि मांडवातली पोरं हसली होती. "मला उचलायचं ते एकदाच," त्या म्हणाल्या, "आणि तेव्हा मी बघायला नसेन." 

अशा वेळी या गृहस्थाने काय करावं? लिलावातून एक जुनी सरकारी जीप आणली! मागे दोन बाकं, वर कॅनव्हासचं हूड. वर आणखी दिल्लीहून ट्रान्सपोर्टने एक भलंमोठं खोकं मागवलं. त्यावर इंग्रजीत 'लिफ्ट किट' लिहिलेलं, म्हणजे गाडी उंच करायचं सामान. तेव्हा परदेशी मासिकं नुकतीच सहज मिळायला लागली होती आणि डोंगरदऱ्यांतून उड्या मारणाऱ्या उंच जीपगाड्यांचे फोटो काकांनी मला दाखवले होते. पण बडोद्यात डोंगर कुठला? काकांची सर्वांत अवघड मोहीम म्हणजे खंडेराव मार्केटातून भाजी आणणं.

माझी आई भडकली. "बायको ओट्यावरून खाली उतरू शकत नाही आणि हे जीप वर चढवतायत!" मला मात्र राग येण्याआधी कुतूहल वाटलं. काका कशामागे लागले की त्यात काहीतरी हिशेब असायचाच. तो काय, हे मला कळेना.

रविवारी सकाळी इस्माईलभाई मेकॅनिक आला. जीप जॅकवर चढवली, चाकं काढली. स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. त्यांना रॉकेल पाजून, ठोकून, शिव्या घालून ते सोडवेपर्यंत दुपार झाली. मग खोक्यातून नवे जास्त कमानदार पाटे निघाले, धक्के झेलणारे तेलाचे लांब शॉकप निघाले, ब्रेकचे लांब पाइप निघाले. काका चटई टाकून जीपखाली आडवे, नुसते पाय बाहेर. ओट्यावरून काकू त्या पायांना चहा विचारत होत्या.

संध्याकाळी जीप चाकांवर उभी राहिली. इस्माईलभाई लांब जाऊन बघत म्हणाला, "काका, आ जीप छे के ऊंट?"

काकांनी टेप लावला. "हजी थोडी ऊंची कर."

"पण केटली ऊंची करवी छे?"

"मारी टेप कहे एटली."

इस्माईलभाईने हुडाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं, तर काका म्हणाले, "ऊपरनुं छोड ने भाई, नीचेनुं जो!"

मग त्यांनी माझ्या आईला बोलावलं. "वहिनी, जरा मागे बसता का?" आईला वाटलं, पहिला मान आपल्याला. स्टुलावर पाय देऊन, वाकून ती आत जाऊन बसलीसुद्धा. काका तत्काळ जीपखाली. टेपचा करकर आवाज आला आणि मग खालून प्रश्न आला, "वहिनी, तुमचं वजन किती?"

आई जी उतरली, ती काकांशी महिनाभर बोलली नाही. काका मात्र खडूने ओट्याच्या कडेला एक रेघ मारून खूष होते. मी विचारलं, "काका, ही रेघ कसली?" तर म्हणाले, "खालून बघ, कळेल." मी खरंच खाली वाकून बघितलं. काही कळलं नाही.

ते कळलं दसऱ्याला. सकाळी दारोदार गाड्यांची पूजा चाललेली, फाफडा-जिलेबीचे पुडे फिरत होते. काकांनी जीपला झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला, मागची फळी पाडली आणि जीप उलटी घेत घेत ओट्याला टेकवली. जीपची फरशी आणि ओटा एका पातळीत! मध्ये बोट शिरणार नाही. आतली बाकं काढून टाकलेली. माझी आई तिथे येऊन उभी होती. तिने जीपकडे बघितलं, काकूंकडे बघितलं आणि तिचा राग तिथेच गेला. तिचं वजन कुणाच्या वजनाच्या अंदाजासाठी हवं होतं, हे तिलाही कळलं.

"चल," काका म्हणाले. "अक्काकडे सोनं द्यायचंय ना?"

काकू खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठल्या, काठी टेकत ओट्याच्या कडेपर्यंत आल्या आणि थांबल्या. समोर हुडाचा कॅनव्हास त्यांच्या छातीपाशी येत होता. आत जायचं तर कंबरेत, गुडघ्यात वाकायला हवं. आई वाकून सहज आत शिरली होती, तेव्हा हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. जन्मभर खालून बघणाऱ्या माणसाने वर बघितलंच नव्हतं.

काकूंचे डोळे भरले. "राहू दे हो," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही एवढं केलंत, पोचलं मला."

काकांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते क्षणभर हुडाकडे बघत राहिले. मग धावत आत गेले, नट-बोल्टचे पाने घेऊन आले आणि झेंडूच्या माळा बाजूला सारून हूड सोडवायला लागले. मीही हात लावला. कॅनव्हास अंगणात पडला, मागोमाग त्याचे पाइप. वर नुसतं आभाळ राहिलं. मी वेताची खुर्ची जीपमध्ये ठेवून दोरीने आवळली, आणि काकू ताठ मानेने, कुणाचा हात न धरता ओट्यावरून जीपमध्ये गेल्या. मला काकांचा हत्ती आठवला.

ऊन लागू नये म्हणून मी शेजारी उभा राहून छत्री धरली. पादऱ्याच्या रस्त्याला उघड्या जीपमध्ये, माळांच्या मधोमध, छत्रीखाली जरीची साडी नेसलेल्या काकू. लोकांनी हात जोडायला सुरुवात केली. एका टपरीवरून कुणी "जय माताजी" म्हणालं. काकूंनी पहिल्यांदा दुर्लक्ष केलं. पुढच्या गावापर्यंत त्या आशीर्वाद द्यायला लागल्या होत्या. नव्या पाट्यांमुळे जीप हाडं खिळखिळी करत होती, पण तक्रार एकदाही नाही.

पादऱ्याला अक्कांच्या घराचा ओटा. तोही काका केव्हातरी गुपचूप येऊन मोजून गेले होते. जीप उलटी लागली, चाकांखाली बरोबर आणलेल्या फळ्या सरकवल्या आणि इथेही पातळी जमली. अक्कांना ओट्यावर पलंग टाकून उशीला टेकवून बसवलं होतं. काकू उठल्या, काठी टेकत गेल्या आणि त्यांनी अक्कांच्या तळहातावर आपट्याचं पान ठेवलं. अक्का काहीतरी बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही, काकूंना सगळं कळलं. फोनवर न लागणारे शब्द तोंडाकडे बघितल्यावर लागत होते. "हो गं, जाडी झालेय मी," काकू रडत रडत हसल्या. "बसून बसून दुसरं काय होणार?"

मी काकांना शोधायला लागलो. ते खाली जीपपाशी ओणवे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत, डोकं गाडीखाली. मीही त्यांच्या शेजारी वाकलो.

"काय झालं काका?"

"काही नाही रे," त्यांनी टेपच्या हाताने डोळे पुसले. "शॉकपमधून तेल गळतंय बहुतेक."

मी नीट बघितलं. शॉकप चारही नवेकोरे, कोरडे ठाक होते.

"हो काका," मी म्हटलं, "गळतंय थोडं."