आनंदाचा तक्ता

भाषेच्या सरांना एक वाईट खोड होती. ते लिहायचे. छापायला नव्हे, बक्षिसाला नव्हे, कुणी वाचावं म्हणूनही नव्हे. रोज सकाळी चहा होईपर्यंत स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून वहीत एक पान खरडायचे. कधी न उघडणाऱ्या ड्रॉवरवर, कधी मेव्हण्यावर. आणि लिहिताना स्वतःशीच हसायचे.

"कोण छापणार आहे हे?" बायको विचारायची.

"कुणीच नाही."

"मग हसताय कशाला?"

सर पुन्हा वहीत डोकं घालायचे. सतरा वर्षं घंटा, वह्यांचे गठ्ठे आणि मोठ्या बाईंचा आवाज सोसून त्यांच्यापाशी एवढं एकच सुख उरलं होतं. ते आपल्यापुरतं ठेवलं असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण सुखी माणसाच्या अंगात वाटायची खुमखुमी असते.

आठवीला त्यांनी छंदावर लिहायला सांगितलं. बेचाळीस पोरांपैकी चाळिसांचा छंद वाचन निघाला आणि त्यांतल्या एकालाही पुस्तकाचं नाव आठवेना. सर वैतागले. त्यांनी पिशवीतून आपली वही काढून मेव्हण्याचं पान वाचून दाखवलं. मेव्हणा दोन दिवसांसाठी म्हणून आला होता, पण येताना स्वतःची उशी घेऊन आला होता, आणि उशी आणणारा पाहुणा कधी जायचं ते ठरवून येत नाही, असं काहीबाही होतं त्यात. वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावर सदा ओठ हलवत बसणारी एक मुलगी होती, तिला सगळे पुटपुटीच म्हणत. तिनं हात वर केला.

"सर, असलं लिहिलेलं चालतं?"

"चालतं की."

"मार्क किती?"

"शून्य. मजा येते, बस्स."

शून्य मार्कांचं काम शाळेत पहिल्यांदाच निघालं होतं. आठवड्याभरात पोरं लिहायला लागली. कुणी आजोबांच्या कवळीवर लिहिलं, कुणी जिन्यात अडकलेल्या कपाटावर. सरांना इतका आनंद झाला की ते वह्या घरी नेऊन दोन-दोनदा वाचू लागले. वर्गातलं हसू मात्र व्हरांड्यात ऐकू जाऊ लागलं, आणि तिथंच घात झाला. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय चाललंय?"

"मुलं लिहितायत, बाई. आनंदानं."

"मग नोंद कुठाय?"

बाई मनानं वाईट नव्हत्या. ज्याची फाइल नाही ते घडलंच नाही, एवढीच त्यांची श्रद्धा होती, आणि महिन्याभरानं तपासणीला साहेब यायचे होते. सोमवारी परिपत्रक निघालं. 'लेखनानंद उपक्रम' अंतर्गत प्रत्येकानं रोज एक पान लिहावं, किमान पंधरा ओळी, समास सोडून. पानाखाली आनंदाचं प्रमाण नोंदवावं. कमी, मध्यम, जास्त यांपैकी योग्य तिथं खूण करावी. नातेवाईक आणि कवळी हे विषय टाळावेत. भाषेच्या सरांनी नमुन्यादाखल स्वतःचं पान रोज दहाच्या आत कार्यालयात द्यावं, तीन प्रतींत.

पहिल्या आठवड्यातल्या खुणांचा तक्ता बघून बाईंनी सरांना बोलावलं. "पंधरा मुलांचा आनंद मध्यम आलाय."

"तो खरा आहे, बाई."

"खऱ्याचं काय करू? साहेबांना जास्त लागतो."

आता सर स्टुलावर बसत ते घड्याळाकडे बघत. मेव्हणा पुन्हा उशी घेऊन आला, सरांना झकास ओळी सुचल्या, पण मेव्हण्यावर बंदी होती. पंधरा ओळी भरता भरता चहा गार होऊ लागला.

"हल्ली हसत नाही तुम्ही," बायको म्हणाली.

"प्रती काढायच्या असतात," सर म्हणाले.

एके दिवशी शाळेत निघायची वेळ झाली तरी पान कोरंच होतं. वाटेत सरांनी निबंधांचं गाइड विकत घेतलं. आयुष्यभर ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्याच पुस्तकातली पहाट त्यांनी शिक्षक-खोलीत बसून जशीच्या तशी उतरवून काढली आणि 'जास्त'वर खूण केली. बाईंनी ते पान सूचना फलकावर लावलं. "आता कसं शिक्षकासारखं लिहिलंत," त्या म्हणाल्या. त्यानंतर सर रोज गाइडच उतरवत राहिले, स्वतःचं असं काही त्यांनी लिहिलं नाही.

साहेब आले. त्यांनी तक्ता पाहिला. बेचाळीसपैकी बेचाळीस मुलांना जास्त आनंद झाला होता. शाळेला प्रशस्तिपत्र मिळालं. साहेब गेल्यावर सरांनी पहिल्यांदाच मुलांची पानं नीट वाचली. त्यांनी पुटपुटीला बोलावलं.

"हे गाइडमधलं आहे."

"हो सर. तुमचंही तिथलंच आहे. पान सत्तावन्न."

सरांना तोंड कुठं लपवावं ते कळेना. "म्हणजे लिहिणं सोडलंत सगळ्यांनी?"

"सोडलं कुठं? हे शाळेचं आहे. खरं आम्ही घरी लिहितो आणि मधल्या सुट्टीत एकमेकांना वाचून दाखवतो." तिनं आवाज खाली आणला. "तुमचंही घरी असेलच ना, सर? आणा ना एकदा. खूप दिवस झाले."

सरांना त्या पोरीचा भयंकर हेवा वाटला.

"वही घरी राहिली," ते म्हणाले.

ही थाप त्यांनी सतरा वर्षं ऐकली होती, मारायची वेळ आज पहिल्यांदा आली. पुटपुटीनं सर अशा वेळी हलवत तशी मान हलवली.

"बरं," ती म्हणाली, "उद्या आणा."