सीलबंद बाटलीवरचं कोसरू

नागोरावच्या हातावर मी त्या दिवशी मूठभर फुटाणे ठेवले असते, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण फुटाण्यांचा डबा आत होता, मी बाहेर होतो आणि मध्ये आमच्या रेणुकाबाई फरशी पुसत होत्या. (ओल्या फरशीवर पाय ठेवायची हिंमत मी लग्नानंतर केलेली नाही.)

आमचं दुकान तेलंगणातल्या बेला मंडलात, महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटून. पुढं दुकान, मागं घर. बियाणं, फवारणीची औषधं, ताडपत्री, दोर आणि जोडीला किराणा. माप झालं की वर मूठभर टाकायची आमच्याकडं रीत आहे. तेलुगू गिऱ्हाईक त्याला कोसरू म्हणतं, म्हणून आम्हीही कोसरूच म्हणतो. ज्वारी घेतली, वर मूठभर ज्वारी. मिरची घेतली, वर आणखी चार मिरच्या. गिऱ्हाईक मापासाठी येत नाही, त्या मुठीसाठी येतं. हे मला कुठल्या कॉलेजानं शिकवलेलं नाही, रिकाम्या गल्ल्यानं शिकवलं.

पण नागोरावनं घेतली होती औषधाची बाटली.

"शेटजी, कोसरू?"

"अरे, सीलबंद बाटली हाये. वरून काय टाकू, झाकण?"

"मंग मी समोरच्या दुकानात जातो. तो बाटलीवर टोपी देऊन राह्यला."

समोरचा! माझं डोकं तापलं. नजर आतल्या भिंतीवर गेली. तिथं वाय-फायची डबी हिरवे डोळे मिचकावत बसली होती. आमच्या गावात मोबाईलचा सिग्नल पाहुण्यासारखा येतो. चहा पिऊन निघून जातो. म्हणून ही डबी.

"नागोराव," मी म्हटलं, "मोबाईल काढ."

फुटाणे वाटले की डबा रिकामा होतो. नेट वाटलं तरी डबी तिथंच! घरातून काही जात नाही आणि गिऱ्हाईक खूश. असा सौदा आपल्यालाच कसा सुचला, या आनंदात मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आठवड्याभरात आमच्या ओट्यावर बसायला जागा उरली नाही. भिवाजी काड्यापेटी घ्यायचा आणि पासवर्ड न्यायचा. बयनाबाईनं तर सुतळीचा तुकडा घेऊन नातवासाठी, सुनेसाठी आणि माहेराहून आलेल्या भावासाठी पासवर्ड नेला. समोरचा टोप्या घेऊन बसला, आणि मी टोपी न घालताच रुबाबात.

घरात मात्र पडद्यावर गोलगोल चक्र फिरू लागलं. रेणुकाबाईंच्या मालिकेतली सून चहाचा कप घेऊन जी उभी राहिली, ती सासऱ्यापर्यंत पोचेचना. त्यात पासवर्ड मी बायकोच्याच नावाचा ठेवला होता. (प्रेमानं नव्हे, दुसरं स्पेलिंग येत नव्हतं.) एक दिवस ओट्यावरून आवाज आला, "आज रेणुकाबाई लयच हळू चालून राह्यली रे!"

"माह्या चालण्याशी यांचा काय संबंध?" आतून प्रश्न आला.

"तुझ्या गुडघ्याची काळजी करून राह्यले बिचारे," मी म्हणालो.

खरी अडचण मुलीची होती. मयूरीनं आदिलाबादला बी.कॉम. केलं. हैदराबादच्या एका कंपनीला मराठी, तेलुगू आणि हिंदी बोलून ग्राहकांच्या तक्रारी मिटवणारं माणूस हवं होतं. तिची मोबाईलवरची मुलाखत सुरू झाली आणि नमस्कारातच तुटली. हात जोडलेली मयूरी त्यांना गोठलेली दिसत राहिली. ती दिवसभर जेवली नाही. बऱ्याच विनंत्या करून तिनं पुन्हा एकदा वेळ मिळवली. "बाबा, ही शेवटची. आता तुटलं तर गेलं," ती म्हणाली.

नेट मी गावाला वाटलंय, हे खरं सांगायची ती वेळ होती. पण मी व्यापारी. माल खराब निघाला तर आधी पॅकिंग बदलून पाहतो. मी डबी उंच फळीवर ठेवली. मग देवघराजवळ नेली. रेणुकाबाईंनी तिला लिंबू-मिरची बांधली. शेवटी आदिलाबादहून मी सिग्नल लांब नेणारी दुसरी डबी आणली आणि नेट खरंच लांब गेलं! आधी जे लोक ओट्यावर बसून वापरायचे, ते आता आपापल्या घरी खाटेवर पडून वापरू लागले. रोग घालवायला गेलो आणि गावभर पोचवून आलो.

मग मुलाखतीच्या सकाळी मी गुपचूप पासवर्ड बदलला. दुकानाचं शटर अर्धं ओढलं. डबीच्या अगदी खाली, दुकानाच्या मागच्या खोलीत, मयूरीला बसवलं. तिच्या मागं सरकीच्या पेंडीची पोती होती. त्यांच्यावर रेणुकाबाईंची ठेवणीतली चादर टांगली. छान दिसत होतं. हैदराबादच्या मॅडम पडद्यावर आल्या. आवाज स्वच्छ. एक प्रश्न झाला, दुसरा झाला. मी दुकानात उभा राहून श्वाससुद्धा मापून घेत होतो.

तेवढ्यात शटर धडधडलं.

"शेटजी! रेणुकाबाई बंद काऊन केली?" नागोराव होता.

मी वाकून बाहेर डोकं काढलं. निम्मा गाव उभा! कापसाच्या सरकारी खरेदीसाठी आता मोबाईलवर दिवस घ्यावा लागतो. आमचे लोक त्याला स्लॉट म्हणतात. तो नेमका त्याच सकाळी उघडला होता. हे मी, कापसाच्या गावातला व्यापारी, विसरलो होतो.

"पाया पडतो, हळू बोला," मी कुजबुजलो.

"हळू काऊन?" बयनाबाईचा आवाज बैलबाजारात घडलेला. "देल्लं ते कोसरू वापस घेते का कोनी? तुमच्या बापानं कधी घेतलं होतं?"

"माही गाडी भरून उभी हाये," भिवाजी म्हणाला. "स्लॉट सरले तर कापूस काय तुमच्या ओट्यावर टाकू?"

"समोरच्याची टोपी तरी डोक्यावर टिकून राह्यते!" नागोरावनं घाव घातला.

मी शटर खाली ओढू लागलो, त्यांनी वर ढकललं. ते अनेक, मी एक. घोळका दुकानात घुसला, तिथून मागच्या खोलीच्या दाराशी आला. मला दुसरं काही सुचेना; मी पोत्यांमागं शिरलो. शिरताना चादरीला धक्का लागला आणि ती सरळ खाली आली. पडद्यावर मॅडमना आता मयूरी, तिच्यामागं पेंडीची पोती आणि बाजूच्या दारात सगळा गाव दिसत होता.

मयूरीचा चेहरा पांढरा पडला. गेली नोकरी!

ती उठली. "मॅडम, एक मिनिट," म्हणाली आणि वळली.

"नागोकाका, काय झालं? एकानंच सांगा."

सांगितलं. कोसरूपासून सगळं सांगितलं. (एवढं सविस्तर सांगायची काही गरज नव्हती.) मयूरीनं ऐकून घेतलं. एकदा पोत्यांकडं पाहिलं.

"समदे एकदम लागले तर कोनालेच नेट भेटणार नाही," ती म्हणाली. "संघपालदादा, तुमी शाळेत क्लार्क हाये, तुमाले फॉर्म भरता येते. नवा पासवर्ड फक्त तुमच्या मोबाईलवर टाकते. तुमी ओट्यावर बसा, एकेकाचा स्लॉट घ्या. ज्याची गाडी भरून उभी, तो पहिला. बयनाआजी, रांग तुमी लावा. तुमच्या आवाजापुढं कोनी घुसणार नाही."

तेलुगू बोलणारा मल्लारेड्डी अजून हातवारे करत होता. त्याला तिनं तेलुगूत समजावून बाजेवर बसवलं. रेणुकाबाईंनी चहा टाकला. मघाचा गाव रांगेत निघून गेला. पहिला स्लॉट मिळाल्याचा भिवाजीचा आवाज बाहेरून आला, आणि मगच मयूरी परत खुर्चीवर बसली.

"सॉरी मॅडम."

पडद्यावर मॅडम हलेनात. मला वाटलं, पुन्हा गोठलं. मग मॅडम हसल्या. "चिडलेली गर्दी समोर आली तर काय कराल, हा माझा पुढचा प्रश्न होता. आता विचारत नाही. कधीपासून येऊ शकाल?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पेंडीचा भुसा असेल. मी पोत्यांमागून मान थोडी वर काढली आणि बाप म्हणून ओळख करून देण्याच्या तयारीनं मिशीवरून हात फिरवला.

मॅडमना मी दिसलो. "ते मागं लपलेले गृहस्थ कोण? त्यांचं काम राहिलं वाटतं. तेही ग्राहक?"

मयूरीनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "ती तक्रार आहे."