रेशमीचा जाहीर सत्कार

एका जंगलात एक सिंह होता, मुलांनो, पण तो कार्यक्रमांना फार उशिरा येत असे. त्याची वाट बघत बसलो तर गोष्ट सुरूच व्हायची नाही. म्हणून त्याला राहू द्या.

त्याच जंगलात दाभणराव नावाचे एक साळिंदर राहत होते. साळिंदर म्हणजे तेच, अंगभर काटे असलेले. त्यांना एक मुलगी झाली. आईने हौसेने तिचे नाव ठेवले रेशमी. प्रत्येक आईला आपले मूल मऊच वाटते, त्याला इलाज नाही.

त्या जंगलात सगळे सायकलवर फिरत. उंच, काळ्या, मागे भक्कम कॅरियर असलेल्या सायकली. कॅरियरवर गवताचा भारा तरी असे, नाहीतर बायको. वाटेत कोणी भेटले की विचारायचे, "काय, कुठं निघालात?" आणि समोरच्याने सांगायचे, नदीवर, बाजाराला, सासुरवाडीला. "असाच चाललोय" असे कोणी म्हणत नसे. कोणी म्हटलेच तर त्याच्या घरी निरोप जाई.

एका साली जंगलातून एक सर्कस गेली आणि जाताना एक सायकल मागे विसरली. चाके बुटकी, टायर जाडजूड. कॅरियर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, घंटीसुद्धा नाही. दांड्यावर लिहिले होते, बीएमएक्स.

"ही पदवी असणार," साळुंकीबाई म्हणाल्या. जंगलातल्या सगळ्या कार्यक्रमांचे सूत्रसंचालन त्या करत, त्यामुळे त्यांना सगळे माहीत असे. दाभणराव खूश झाले. शिकलेली सायकल घरात आयती आली.

रेशमीला ती एकदम फिट्ट बसली. कॅरियर नव्हते ते बरेच झाले, कारण तिच्या मागे बसायला कोणी तयार नव्हते. एकदा एक ससा बसला होता. तो पुढे कित्येक दिवस उभ्यानेच जेवत होता.

वर्षे गेली. बरोबरीची पिल्ले मोठी झाली, त्यांना मोठ्या सायकली आल्या. रेशमीही वाढली. तिचे गुडघे हँडलला लागू लागले, तरी तिने ती सायकल सोडली नाही.

"आता मोठी झालीस," दाभणराव म्हणाले. "कॅरियरवाली घे. चार कामं होतील घरची."

"हीच छान आहे, बाबा."

"अगं, पण हिच्यावर ठेवायचं काय?"

"मला!" रेशमी म्हणाली.

जंगलाच्या कडेला हत्तींचा एक जुना हौद होता. हत्ती केव्हाच नदीकाठी राहायला गेले होते आणि हौद कोरडा पडला होता. आत चहूबाजूंनी गोल उतार. हत्तींनी पाठी घासून घासून तो गुळगुळीत केलेला. तिथे एक घोरपडमावशी ऊन खात पडलेली असे. तिला कशाची घाई नव्हती आणि कोणाला तिची गरज नव्हती. दोन्ही बाजूंनी समाधान होते.

एके दिवशी रेशमी टेकडीवरून सुसाट येत होती आणि ब्रेक लागेचना.

"मावशी, सरका!"

मावशी आयुष्यात पहिल्यांदा पटकन सरकली. सायकल हौदात उतरली, तळ ओलांडून समोरच्या उतारावर चढली. उतार संपला, पण सायकल थांबली नाही. रेशमी हवेत गेली. तिच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. घाबरून तिने हँडल ओढले, तशी सायकल गर्रकन फिरली आणि त्याच उतारावर, आल्या दिशेला तोंड करून, खाली आली.

पडली नाही!

रेशमी तळाशी उभी राहिली. मग तिला इतका आनंद झाला की ती रडायलाच लागली. तुम्हाला हे खोटे वाटेल, मुलांनो. तुम्हाला अजून पडल्यावरच रडता येते.

घोरपडमावशीने मान वर केली. "परत कर बघू," ती म्हणाली.

रेशमीने परत केले. आपटली. पुन्हा केले. मग रोजच जाऊ लागली. एका चाकावर उभे राहणे, सीटवर उभे राहणे, हवेतल्या हवेत हँडल फिरवून पुन्हा धरणे. हे तिला कोणी शिकवले नव्हते, त्यामुळे चुकते आहे असे म्हणायलाही कोणी नव्हते. काटे मोडत, नवे येत. आपल्याला जगात आणखी काहीही नको, असे तिला वाटू लागले.

घरी मात्र विचारणा होई.

"कुठं गेली होतीस?"

"वर."

"वर? आणि मग?"

"मग खाली आले."

"म्हणजे कुठंच गेली नव्हतीस."

"नाही."

दाभणराव त्या दिवशी जेवले नाहीत. जंगलभर कुजबुज झाली. रानगवे आप्पा तर फारच हळहळले. आप्पा जंगलातल्या सगळ्या मंडळांचे अध्यक्ष होते, त्यामुळे हळहळण्याचा पहिला मान त्यांचाच.

"पोरगी दिवसभर सायकल मारते आणि असते तिथंच," आप्पा म्हणाले. "दाभणराव, तिला कुणाला दाखवलंत का?"

दाभणरावांनी मान खाली घातली. वाटेत कोणी "मुलगी काय करते?" असे विचारू नये म्हणून ते आडवाटेने बाजाराला जाऊ लागले.

थंडीत दूरदेशीचे एक बदक आले. त्याने वरून रेशमीला पाहिले आणि उडता उडता ओरडले, "वा! फ्रीस्टाइल! आमच्याकडे हे बघायला झुंबड उडते!"

बदक निघून गेले. आप्पांनी त्याच दुपारी बैठक बोलावली.

"फ्रीस्टाइल ही मूळची आपलीच," आप्पा म्हणाले. "सत्कार झाला पाहिजे. जाहीर!"

"कुठे करायचा?" साळुंकीबाईंनी विचारले.

"जिथं पराक्रम, तिथंच सत्कार. हौदात!"

टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी हौदात खुर्च्या मांडून पाहिल्या. त्या उतारावरून घसरत तळाशी गेल्या. मान्यवरांना बसवून पाहिले, तर तेही तळाशी गेले आणि एकमेकांच्या मांडीवर बसले. शिवाय प्रमुख पाहुणे नदीकाठचे दंतेसाहेब. म्हणजे हत्ती. ते घसरले असते तर बैठक घ्यायला कोणी उरलेच नसते.

तेव्हा हौदात मुरूम टाकायचे ठरले. उतार बुजवून सगळे सपाट केले. वर पेव्हर ब्लॉक बसवले. बाजूला पाटी लावली, 'कु. रेशमी फ्रीस्टाइल संकुल'. पाटीवरची अक्षरे खरोखर सुंदर होती.

रेशमी सायकल घेऊन आली आणि बघतच राहिली. घोरपडमावशीही कडेला येऊन उभी होती. तिचीही पडायची जागा गेली होती.

"आप्पा," रेशमीने विचारले, "आता मी चालवू कुठं?"

"आता कशाला चालवतेस?" आप्पा मायेने म्हणाले. "आता सत्कार होणार ना तुझा!"

तिला रडू आले. ते आधीसारखे नव्हते.

सत्काराच्या दिवशी सगळे जंगल लोटले. दाभणराव फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते. खूप दिवसांनी ते हमरस्त्याने आले होते. व्यासपीठ उंच होते. दंतेसाहेबांना पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून समोरून भक्कम फळ्यांचा एक लांब उतार केला होता आणि ते वर गेल्यावर शोभेसाठी त्याच्या तोंडाशी झेंडूची कुंडी ठेवली होती.

रेशमीला झेंडूचा हार घातला. तो काट्यांत अडकला. शाल पांघरली, तीही अडकली. नारळ द्यायला आप्पा वाकले आणि "आई गं" म्हणून मागे सरले. मग दंतेसाहेब बोलायला उभे राहिले. ते लहानपणापासून बोलू लागले. स्वतःच्या.

त्यांनी पाणी प्यायला सोंड खाली केली तेवढ्यात साळुंकीबाई उठल्या. "आता सत्कारमूर्तींनी आपली कला दोन मिनिटांत सादर करावी. कृपया ब्लॉकवर ओरखडे पडू देऊ नयेत."

रेशमी सायकल घेऊन खाली उतरली. तिने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. सगळीकडे सपाट. तिचे काटे मिटून गेले.

पहिल्या रांगेतून दाभणराव हे बघत होते. मुलगी तीच होती, सायकल तीच होती, आणि तिचे तोंड एवढेसे झाले होते. त्यांनी मुलीकडे पाहिले. मग फळ्यांच्या उताराकडे पाहिले. मग ते उठले, फेटा सावरला आणि झेंडूची कुंडी गुपचूप बाजूला सरकवली.

रेशमीच्या ते लक्षात आले. ती संकुलाच्या पार टोकापर्यंत मागे गेली.

मग सुटलीच! फळ्या धडधडल्या. व्यासपीठावर समया लवंडल्या. आप्पा टेबलाखाली गेले. दंतेसाहेबांनी तोंड उघडले ते उघडेच राहिले आणि त्यांच्या डोक्यावरून रेशमी हवेत निघाली. शाल फडफडत होती, झेंडू सगळ्यांच्या अंगावर पडत होते आणि काटे सगळेच्या सगळे उभे होते.

खालून दाभणराव हात उंचावून ओरडले, "काय गं, कुठं निघालीस?"

"वर!"

"जा!" दाभणराव म्हणाले. आणि पडले नसूनही रडू लागले.

रेशमी संकुलाच्या कुंपणापलीकडे उतरली आणि थांबली नाही.

आप्पांनी तो उतार धोकादायक ठरवला आणि लगेच काढायला लावला. मंडळ घरी गेल्यावर कोणाच्या तरी लक्षात आले की दंतेसाहेब अजून वरच आहेत. ते अजूनही तिथेच आहेत. भाषण चालू आहे.

टेकडीपलीकडे एक आटलेला ओढा आहे म्हणतात. त्याच्या कडा छान गोल आहेत. घोरपडमावशी हल्ली तिकडे राहायला गेली आहे. दाभणराव रोज दुपारी सायकल काढून तिकडेच जातात. वाटेत आप्पा विचारतात, "काय, कुठं निघालात?" आप्पांना दुसरा सत्कार करायचा आहे. मुरूम तयार आहे.

"असाच चाललोय," दाभणराव म्हणतात.

तात्पर्य : मुले एखादी गोष्ट जीव लावून करू लागली, तर मोठ्यांनी आधी त्यांना रागवावे. तेवढ्याने ती थांबली नाहीत, तर त्यांचा सत्कार करावा.